प्लेटेस्ट चालू असताना डेव्हलपरने तोंड उघडावं का?

सारीपाट:
एकट्याने किंवा दोघा-तिघांत गेम बनवणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. प्लेटेस्ट म्हणजे गेम बाहेर काढण्याआधी दुसऱ्या कुणाला खेळायला देऊन बघणं. माझं मत स्पष्ट आहे. समोरचा माणूस खेळत असताना आपण एक अक्षर बोलायचं नाही, आणि खेळून झाल्यावर "कसा वाटला?" हे तर विचारायचंच नाही. मतं गोळा करू नका, खेळणाऱ्याचं वागणं बघा.

उदाहरण देते. मी मोबाईलसाठी कोकणातल्या एका बंद घराचा पझल गेम करते आहे. माजघरात काळोख, मधोमध पेटती समई, कोपऱ्यात हंडा-कळशी, आणि किल्ली कळशीत. ओळखीतल्या एक ताई खेळायला बसल्या. अंगठा थेट समईवर. काही झालं नाही. पुन्हा समईवरच. मग दोन बोटांनी झूम करून पाहिलं, जे गेममध्ये नाहीच. मग समई दाबून धरली. कळशीकडे नजरही गेली नाही. खेळून झाल्यावर म्हणाल्या, "छान आहे गं, थोडं अवघड आहे." या वाक्यातून मला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. अंगठ्याकडे बघून मात्र कळलं: पडद्यावर जे सर्वांत उजळ, तिथेच माणूस आधी हात घालणार.

१९९८च्या हाफ-लाइफ या गेमच्या टीमने अशीच पद्धत ठेवली होती. बाहेरचा एक जण दोन तास खेळणार, त्याच्या मागे तो भाग तयार करणारे बसणार, आणि त्यांना बोलायला पूर्ण मनाई. अशा एका बैठकीतून दुरुस्तीच्या शंभरेक नोंदी निघत. ते साहजिकच आहे, कारण गेम विकला गेल्यावर "अगं, कळशीत बघ" असं सांगायला आपण कुणाच्याच घरी जाणार नाही. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. अडकलेला माणूस तक्रार करत बसत नाही, पैसे परत घेतो.

तिसरी घंटा:
मी नाटकवाली, गेम्सशी संबंध भाच्यापुरता. पण यातलं बरंच ओळखीचं वाटलं. रंगीत तालीम झाल्यावर आत भेटायला येणारा प्रत्येक जण "उत्तम झालं" म्हणतो. खरं काय ते विंगेत आधीच कळलेलं असतं: खोकला कुठे सुरू झाला, खुर्च्या कुठे वाजल्या. तेवढ्यापुरती तुमच्याशी सहमत.

एक शंका मात्र आहे. दिग्दर्शक पहिल्या रांगेत बसलेला दिसला की ओळखीचे लोक जरा जास्तच हसतात. तुम्ही मागे बसला होतात म्हणून ताईंनी एवढ्या वेळा प्रयत्न केला असेल. घरी एकट्या असत्या तर दुसऱ्याच टॅपनंतर त्यांनी फोन ठेवून दिला असता. गप्प बसलेला माणूसही खोलीत असतोच ना?

चाचणीकर:
मूळ धाग्याशी अजिबात सहमत नाही.

मी बरीच वर्षं इतरांचे डेमो खेळून लेखी प्रतिक्रिया देतो, मोबदला न घेता. कुठे अडकलो, कुठे कंटाळलो, मला काय हवं होतं, सगळं सविस्तर लिहितो. त्यावर "अडचण सांगा, उपाय सांगू नका, ते आमचं काम आहे" असं ऐकून घ्यावं लागतं. आम्ही काय प्रयोगशाळेतले उंदीर आहोत? कुणी "नकाशा द्या" म्हणतो तेव्हा नकाशा दिलाच पाहिजे असं नाही, पण तो सुचवावासा का वाटला यातच सगळी माहिती असते. उपाय फेकून दिलात तर ती माहितीही गेली.

आता तुमच्या समईबद्दल. ती उजळ होती म्हणून त्यांनी हात लावला, हा तुमचा तर्क झाला. त्यांना विचारलंत का? आमच्या घरी समई मंदावली की वात पुढे सारतात, उजेड वाढतो. काळोख्या माजघरात शिरलेल्या बाईला आधी तेच सुचेल. समई दाबून धरणं मला तरी वात सारण्याच्या प्रयत्नासारखं दिसतं. तसं असेल तर समईचा उजेड कमी करून तुम्ही तुमच्या गेममधलं सर्वांत छान कोडं मारून टाकाल. अंगठा कुठे गेला ते दिसतं. कशासाठी गेला ते विचारल्याशिवाय कळत नाही.

सारीपाट:
वातीचं खरंच सुचलं नव्हतं. धन्यवाद, मनापासून.

तरी "विचारा" या सल्ल्याला माझा विरोध कायम आहे, आणि त्याला कारण आहे. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा १९७७चा एक शोधनिबंध आहे. त्यात दुकानात आलेल्या लोकांसमोर सारख्याच मोज्यांच्या चार जोड्या मांडून उत्तम कोणती ते विचारलं होतं. सर्वांत उजवीकडच्या जोडीला कितीतरी जास्त पसंती मिळाली. का निवडली विचारल्यावर लोकांनी वीण आणि पोत अशी कारणं दिली. जागेमुळे निवडली असं कुणी म्हणालं नाही. माणूस खोटं बोलत नाही, पण कारण विचारलं की एखादं तयार करून देतो. मी त्या कारणावर लेव्हल बांधायची?

चाचणीकर:
तो प्रयोग आवडीनिवडीचा आहे. "का आवडलं?" विचारलंत तर बनवलेलं उत्तर येणार, मान्य. पण "समई दाबून धरलीत तेव्हा काय होईल असं वाटलं होतं?" हा प्रश्न वेगळा आहे. ती व्यक्ती काहीतरी करायला निघाली होती, आणि काय करायला निघाली होती ते तिला माहीत असतं. स्क्रीन रेकॉर्डिंग लावा, तो क्षण थांबवून दाखवा आणि एवढंच विचारा.

सारीपाट:
खेळ पूर्ण झाल्यावर, रेकॉर्डिंग समोर ठेवून, एवढ्याच रूपात असेल तर मान्य. खेळ चालू असताना नाही, यावरून मी हलणार नाही. तिसरी घंटा, तुमच्या शंकेवरही हाच उपाय दिसतो: रेकॉर्डिंग लावून मी खोलीबाहेर थांबेन.

उपाय ऐकण्याबद्दल मात्र आपलं जमणार नाही. २००७च्या पोर्टल या गेममध्ये एका लेव्हलला एक ठोकळा शेवटपर्यंत सोबत न्यावा लागतो. टेस्टर तो मागेच विसरून पुढे जात. टीमने ठोकळ्यावर हृदय रंगवलं आणि हा तुमचा सोबती आहे असं गेममधल्या आवाजाकडून वदवलं. मग लोक त्याला सोडेनात. खेळणाऱ्यांना सुचवायला सांगितलं असतं तर "ठोकळा कुठे राहिला ते बाणाने दाखवा" हेच आलं असतं.

एकहाती:
तुम्ही दोघंही प्लेटेस्ट हवीच असं धरून चालला आहात. मला तेच पटत नाही. स्टारड्यू व्हॅली हा गेम एरिक बॅरोनने चारेक वर्षं एकट्याने केला. चित्रं, संगीत, कोड, सगळं त्याचं. अर्ली ॲक्सेसमध्ये अर्धवट विकायला न काढता २०१६मध्ये पूर्ण गेमच बाहेर आणला. दर महिन्याला दहा जणांना दाखवून दहा कोपरे घासले असते तर त्यात त्याचं असं काय उरलं असतं? माझ्या गेममध्ये पाऊस चारचार मिनिटं पडतो आणि तेवढा वेळ खेळणाऱ्याला काहीच करता येत नाही. प्रत्येक टेस्टर "हे काढा" म्हणणार. मी काढणार नाही. तो पाऊस हाच माझा गेम आहे.

बटणदाबी:
एकहाती, पाऊस ठेवा. पण पाऊस चालू असताना गेम हँग झालाय असं समजून कुणी बंद तर करत नाही ना, हे तरी बघाल की नाही? कंटाळून बंद केला तर तो तुमचा खेळाडू नव्हता, सोडा. हँग झालाय समजून बंद केला तर तो तुमचा खेळाडू होता आणि गेला. हा फरक घरी बसून कळणार नाही. आणि स्टारड्यूमध्येही २०१६नंतर वर्षानुवर्षं बदल होत राहिले.

मला वेगळंच दुखणं मांडायचं आहे: टेस्टर आणायचे कुठून? प्ले स्टोअरवर डेव्हलपरचं नवीन वैयक्तिक खातं असेल तर गेम प्रसिद्ध करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले दाखवावे लागतात. २०२३मध्ये नियम आला तेव्हा २० लागत. हेतू चांगला आहे, पण झालंय काय, तर "मी तुमचा इन्स्टॉल करतो, तुम्ही माझा करा" असे ग्रुप निघालेत. आकडा भरतो, खेळत कुणीच नाही. राहिला मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप. एपीके (गेम इन्स्टॉल करायची फाईल) टाकली की पाच मिनिटांत "भारी भावा!" आणि तीन अंगठे. फाईल तोवर डाउनलोडही झालेली नसते.

मी आता मित्रांना विचारतच नाही. त्यांच्या आईवडिलांना किंवा धाकट्या भावंडांना खेळायला देतो, तेही त्यांच्याच फोनवर. स्टोरेज भरलेलं, ब्राइटनेस कमी, वर स्क्रीनला तडा. सारीपाट, तुमचं काळोखी माजघर अशा फोनवर भर दुपारी अंगणात बघा. तिथे कळशी दिसतच नसेल, तर समई आणि वातीचा वाद नंतरचा.

तिसरी घंटा:
हे वयाचं महत्त्वाचं आहे. माझी आई असा गेम आवडीने खेळेल, पण काही चुकीचं दाबलं जाईल या भीतीने ती पडद्याला हातच लावत नाही. तिच्याशेजारी कुणी गप्प बसून राहिलं तर ती परीक्षा समजेल. तिला "तुझी परीक्षा नाही, गेमची आहे" एवढं आधी सांगावं लागेल.

सारीपाट:
ते वाक्य मी सुरुवातीला सांगते, दरवेळी. त्यानंतर गप्प.

बटणदाबी, उन्हात बघितलेलं नाही. उद्याच बघते. वात सारता येईल असं एक बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी आवृत्ती, करायला घेतलं आहे, आणि समई मंद केलेलं दुसरं. दोन्ही नवीन माणसांना देईन, कारण ताईंना आता किल्ली कुठे आहे ते माहीत आहे. चाचणीकर, तुम्हालाही किल्ली कळली आहे, त्यामुळे तुम्हाला पुढची लेव्हल पाठवू का?

चाचणीकर:
पाठवा. एक अट आहे, आणि ती इथल्या सगळ्या डेव्हलपरांना सांगतो. पैसे नकोत. मी लिहिलेल्यातलं काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का, एवढ्या दोन ओळी परत पाठवायच्या. नकार चालेल. आजवर बहुतेकांकडून "थँक्स, नोंद घेतली" यापलीकडे काही आलेलं नाही, आणि त्यांना दुसऱ्यांदा लिहून पाठवायची इच्छा मला झालेली नाही.

एकहाती:
दोन ओळींची अट मलाही मान्य आहे. पाऊस हँग झाल्यासारखा वाटतो का, एवढंच बघायला बिल्ड देतो. पाऊस काढा असं लिहिलंत तर उत्तर आत्ताच देऊन ठेवतो: नाही.