मोमेंटम म्हणजे नक्की काय? नववीतल्या पोरीला सांगायचंय

प्रश्न (सात रस्ता, सोलापूर): 'संवेग (मोमेंटम) = वस्तुमान × वेग' हे पोरीला पाठ आहे. काल मॅच बघताना समालोचक म्हणाला, "मोमेंटम आता मुंबईकडे." तिनं लगेच विचारलं, ह्याचं वस्तुमान किती? शिवाय जडत्व आणि संवेग यात फरक काय, तेही सांगा कुणीतरी.

ऊसवाहतूकवाला, मोहोळ: ताई, माझा ट्रॅक्टर आहे, मागं दोन ट्रॉल्या. कारखान्यावर काट्याच्या लाईनीत भरून उभ्या असतात तेव्हा जडत्व, म्हणजे आहे तसंच राहायची ओढ, ढीगभर, संवेग शून्य. हलवताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं की नाही, ते जडत्वापायी. पळायला लागल्यावर संवेगही. सगळं मिळून २० टन, म्हणजे २० हजार किलो धरा, ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. गुणाकार १ लाख. शेजारून ताशी ९० नं बुंगाट जाणारा बुलेटवाला गाडीसकट २५० किलो, सेकंदाला २५ मीटर. त्याचा ६,२५०. रुबाब त्याचा, संवेग आमचा सोळापट! तेवढाच ब्रेक दाबला तर थांबायला वेळही त्याच पटीत लागणार, म्हणून आम्ही लांबूनच दाबायला सुरुवात करतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे बहाद्दर आहेत आमच्यात, त्यांना कानफाडायला पाहिजे.

जॉबर (मागाचा मिस्त्री), अक्कलकोट रोड: आमच्या यंत्रमागाचा धोटा बघा की ओ, आडवा धागा नेणारा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पण मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडं. दर खेपेला संवेग शून्यावर आणून उलट्या दिशेनं पुन्हा द्यायचा. धोट्याला ठोसा देणारा पिकर झिजतो तो त्यानंच. रेपिअर नावाच्या नव्या पद्धतीच्या मागात धोटाच नाही, म्हणून तो जास्त वेगानं चालवता येतो.

शेअरवाला: समालोचकाच्या मोमेंटमला वस्तुमान नसतं, आपण 'वारं फिरलं' म्हणतो तसलं ते. मोमेंटम शेअर म्हणजे चढतोय तो चढतच राहील या भरवशावर घेतलेला. ट्रॉलीचा संवेग बाहेरून बल लावल्याशिवाय बदलत नाही, शेअरला असला काही नियम नाही.

प्रश्नकर्ती: बुलेटवाला पटला तिला. आता विचारतेय, सारख्या वजनाच्या, सारख्या वेगाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या तर बेरीज किती?

ऊसवाहतूकवाला, मोहोळ: शून्य. संवेगाला दिशा असते, एक अधिक, एक उणे. पण भंगार दोन्हींचं होतं. ऊर्जेला दिशा नसते ना, तिची बेरीज दुप्पट येते. ती तिला वेगळी मोजायला सांगा.