मदत हवी आहे: जनता वसाहतीतल्या अंगणवाड्यांसाठी वाचा-तपासणी

पुण्यातल्या पर्वती पायथ्याच्या अंगणवाड्यांत ३ ते ६ वयाच्या मुलांची बोलण्याची प्राथमिक चाळणी करायची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येणं अपेक्षित असतं, पण मधल्या काळात दोन वर्षं उलटून गेली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून ते राहून जातं.

नीट ऐकू येत नसेल तर बोलणंही मागे पडतं, म्हणून अडचण कानांपासून सुरू होते. ओएई यंत्राला (कानाची ऐकण्याची चाळणी करणारं यंत्र) शांत खोली लागते. शेजारी मिक्सर सुरू असला, मुलाला सर्दी असली किंवा कानात मळ असला तरी निकाल 'रेफर', म्हणजे 'पुढे तपासा', असा येतो. अशा मुलांना आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेऊन काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं, आणि नेमकी तिथेच गळती होते. दुसऱ्या फेरीला पालक यावेत म्हणून कोणी काय केलंय?

दुसरं, घरी कन्नड किंवा तेलुगू आणि अंगणवाडीत मराठी अशी बरीच मुलं आहेत. त्यांचे शब्द दोन्ही भाषा मिळून मोजायला हवेत. फक्त मराठी मोजली की चांगलं मूलही मागे दिसतं. या भाषांतली चित्रकार्डं कोणाकडे आहेत का? ओळखीची चित्रं हवीत: तांब्या, रिक्षा, चप्पल. इग्लू नको!

'र'ऐवजी 'ल' म्हणणारी तीन वर्षांची मुलं तूर्त यादीत नाहीत; त्या वयात ते चालतं.

पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले वाचोपचारतज्ज्ञ महिन्यातून एक शनिवार सकाळ देऊ शकतील का? सेविकाताईंना प्रशिक्षणही हवंय. प्रवासखर्च देऊ.