फॅट फ्रीझिंगनं पोट खरंच कमी होतं का? सोलापुरात कुणी केलंय का?

जुळेसोलापूरची_ताई
नमस्कार मंडळी, जरा मोकळेपणानं विचारते. माझी दोन सिझेरियन झालीत, धाकटा आता तीन वर्षांचा आहे पण बेंबीखालचं पोट काही केल्या जाईना. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६६. सकाळी कंबर तलावावर चालायला जाते, भात एकच वेळ, चहात साखर बंद, वजन थोडं उतरलं पण पोट आहे तिथंच. साडी नेसली की निऱ्या खोचतो त्याच्यावरून ते खाली येतं आणि कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच की काय, गोड बातमी का. लय वाईट वाटतं ओ.

शहरातल्या एका सेंटरमध्ये चौकशी केली तर त्या म्हणाल्या फॅट फ्रीझिंग करा, म्हणजे मशीननं चरबी गारठवून कमी करायची, कापाकापी नाही, सुई नाही, तासभर झोपायचं आणि घरी जायचं, आठवड्यात फरक दिसेल, वजन पण उतरेल. पॅकेज ४५ हजार आणि आजच अर्धे भरले तर सूट. मशीन कुठलं विचारलं तर इम्पोर्टेड आहे एवढंच सांगितलं. ननंदेचं लग्न डिसेंबरात आहे म्हणून मन होतंय, हे म्हणतात तुझे भिशीचे पैसे, तू ठरव. आता तुम्हीच सांगा, हे खरं असतं का? दुखतं का? आणि एक, मला गार अजिबात सोसत नाही, हिवाळ्यात गार पाण्यात भांडी घासली की हाताला लाल गांधी उठतात नि खाज सुटते, तासाभरात जातात आपोआप. त्यामुळं जरा भीती वाटते एवढंच.

होटगीरोड_पी
ताई मी केलंय, पण पुण्यात, बहिणीकडं राहून. कमरेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे ब्लाऊज आणि परकराच्या मधे जी वळी येते ना तिथं. आधी एक थंडगार जेलचं ओलं फडकं अंगावर टाकतात, मग त्यावर कप लावतात, तो कप मांस आत ओढून धरतो. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं फार झोंबतं, नंतर ती जागा बधिर होते आणि मग मी मोबाईल बघत पडून होते. कप काढला तेव्हा तिथलं मांस कपाच्याच आकाराचं कडक, लाल झालेलं, आणि त्याला त्या जोरात चोळतात दोन मिनिटं, खरं दुखणं ते आहे, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नंतर सूज, काळंनिळं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आतून करंट बसल्यासारखं व्हायला लागलं, कूस बदलता येईना, डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या असं होतं काहींना, गोळी दिली. बधिरपणा तर कित्येक आठवडे होता.

फरक पडला का, तर हो पडला. पण आठवड्यात नाही! पहिला महिना मला वाटलं पैसे पाण्यात गेले. अडीच-तीन महिन्यांनी जुना ब्लाऊज घातला तेव्हा वळी कमी झालेली कळली. वजनकाट्यावर मात्र काहीच फरक नाही, जेवढं होतं तेवढंच. त्यामुळं वजन उतरेल म्हणणारीवर माझा तर विश्वास बसणार नाही.

त्वचारोग_एमडी
ताई, पैसे भरले नसतील तर आधी थांबा. तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ वाचून लगेच लिहायला बसलो. गार पाण्यानं गांधी उठून तासाभरात जाणं याला आम्ही कोल्ड अर्टिकेरिया म्हणतो, थंडीचं पित्त म्हणा हवं तर. असं ज्यांना असतं त्यांच्या अंगावर शून्याच्या खाली जाणारी प्लेट तासभर लावणं म्हणजे धोका आहे, काहींना अंगभर पित्त उठून बीपी पडू शकतं. त्या सेंटरमध्ये कुणी विचारलं का तुम्हाला, थंडीचा काही त्रास आहे का म्हणून? विचारलं नसेल तर तिथलं बाकी काही ऐकायचीच गरज नाही. हा पहिला प्रश्न असतो ओ! थंडीनं बोटं पांढरी-निळी पडणं, रक्तातले क्रायोग्लोब्युलिन किंवा कोल्ड ॲग्लुटिनिनचे आजार (म्हणजे थंडीनं रक्तात बिघाड होणारे), थंडीनं लघवीतून रक्त जाणारा एक दुर्मिळ आजार, गरोदरपण, आणि त्या जागी हर्निया, हे सगळं विचारून झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नसतो.

आता हे चालतं कसं ते सांगतो, कारण प्रकार खोटा नाही, खोटं असतं ते त्याच्या जाहिरातीत. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं पण शेजारच्या तांब्यातलं पाणी गोठत नाही, तसंच चरबीच्या पेशी कातडी आणि नसांपेक्षा आधी गारठतात. १९७० मध्येच एका लहान बाळाची नोंद आहे, बर्फाची कांडी चोखून चोखून गालाच्या आतली चरबी सुजली होती. तो धागा धरून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मॅनस्टाईन आणि रॉक्स अँडरसन यांनी डुकरांवर प्रयोग केले, २००८ मध्ये ते छापून आले. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-मशीनं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कूलस्कल्प्टिंग या मशीनला कमरेच्या बाजूंसाठी मंजुरी दिली आणि २०१२ मध्ये पोटासाठी. गारठलेल्या पेशी लगेच फुटून वाहून जात नाहीत, त्या हळूहळू मरतात आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना खाऊन टाकतात, त्याला दोन ते चार महिने लागतात. त्यामुळं आठवड्यात फरक हे शक्यच नाही. आणि एका वेळेला त्या जागेच्या चरबीच्या थरात साधारण २० ते २५ टक्के घट होते, तीही फक्त चिमटीत धरता येणाऱ्या, कातडीखालच्या चरबीत.

एक गोष्ट सेंटरवाले सहसा सांगत नाहीत ती जरा सविस्तर लिहितो. काही जणांत चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, कप लावला होता नेमक्या त्याच आकाराचा टणक उंचवटा वर येतो, दुखत नाही पण व्यायामानं, उपाशी राहून, कशानंच जात नाही. मग लायपोसक्शन करावं लागतं, नळीनं चरबी ओढून काढायचं, म्हणजे जे टाळायला गेलो तेच ऑपरेशन. लिंडा इव्हान्जेलिस्टा ही जगप्रसिद्ध मॉडेल, तिनं २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं की आपल्याला हेच झालं, कंपनीवर केस केली, २०२२ मध्ये ती आपसात मिटली. कंपनीचा आकडा पूर्वी चार हजारांत एक असा होता, नंतर डॉक्टरांच्या काही अभ्यासांत प्रमाण त्याहून बरंच जास्त निघालं. पुरुषांमध्ये जास्त दिसतं. दुर्मिळ आहे हे मान्य, पण सही करायच्या कागदावर मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे आणि तोंडानं सांगितलेलं पण असलं पाहिजे.

ताई, तुमच्याबद्दल अजून एक शंका. दोन सिझेरियन आणि वजन उतरूनही पोट तिथंच, तर ती नुसती चरबी नसेलही. पोटाचे मधले दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून लांब जातात आणि काहींचे परत जवळ येत नाहीत. उताणं झोपून नुसतं डोकं उचला, मधोमध उभा उंचवटा आला तर तेच असू शकतं. खोकल्यावर टाक्याच्या जागी फुगवटा येत असेल तर हर्निया बघावा लागेल. दोन्हीवर गार मशीनचा काडीचा उपयोग नाही, आणि हर्नियावर कप लावणं तर धोक्याचं. आधी सर्जनला दाखवा, पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करून घ्या. पित्तासाठी सिव्हिलच्या स्किन ओपीडीत दाखवलं तरी चालेल, हातावर थोडा वेळ बर्फ ठेवून तपासतात. घरी करून बघू नका.

अक्कलकोटरोड_टॉवेलवाला
डॉक्टर साहेबांनी बरं लिहिलं. माझ्या मेव्हण्यानं छातीवरची चरबी घालवायला एका ठिकाणी असलंच केलं, बाहेरगावी, नाव घेत नाही. स्वस्तात होतं म्हणून गेला. डॉक्टर कुणी नाही, एक मुलगी यायची, मशीन चालू करायची, निघून जायची. कातडीवर ते जेलचं फडकं टाकायचं असतं ते नीट टाकलंच नव्हतं वाटतं, फोड आले की ओ. बर्फानं भाजलेलं! आम्ही सोलापूरची माणसं, ४३-४४ डिग्रीत होरपळलेलो, पण थंडीनं माणूस भाजतो हे मी पहिल्यांदा बघितलं. डाग अजून आहेत, शर्ट काढून अंघोळीला बसायला लाजतो पोरगा. विचारायला गेलो तर म्हणले तुमची कातडीच सेन्सिटिव्ह आहे. पावती नाही, कागद नाही, मशीनचं नाव पण माहिती नाही, भांडणार कशाच्या जोरावर? म्हणून ताई इम्पोर्टेड आहे हे उत्तर ऐकूनच मला राग आला. मशीनचं नाव काय, कंपनी कुठली, कप लावणारं कोण, त्याचा मेडिकल कौन्सिलचा नंबर काय, एवढं तरी लिहून मागा, आणि नाही दिलं तर उठून या.

विजापूररोड_आई
डॉक्टर, मधेच विचारते, राग मानू नका. आमच्या ह्यांचं पोट लय पुढं आलंय, हातपाय बारीक आणि पोट घागरीएवढं. दुकानात दिवसभर बसून असतात. त्यांना हे चालेल का? त्यांना व्यायाम सांगून सांगून मी थकले.

त्वचारोग_एमडी
राग कशाचा. त्यांचं पोट बोटांच्या चिमटीत येतं का बघा. हातपाय बारीक, पोट गच्च आणि चिमटीत येत नसेल तर ती चरबी आत आहे, आतड्यांच्या आणि लिव्हरच्या भोवती. मशीनचा गारवा तिथपर्यंत पोचतच नाही, आणि पोचवायचा पण नसतो. आपल्याकडं पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की शुगर, बीपीचा धोका वाढतो असं धरतात. टेप घेऊन मोजा, उपाशीपोटी शुगर, लिपिड आणि बीपी तपासून घ्या. हे पोट मात्र चालण्यानं आणि खाणं आटोक्यात ठेवल्यानं खरंच उतरतं, कातडीखालच्या चरबीपेक्षा लवकर. दुकान बंद केल्यावर जेवायच्या आधी अर्धा तास पार्कला चालवा, तुम्ही सोबत गेलात तर येतील. पैसे देऊन मशीनवर झोपवू नका त्यांना.

होटगीरोड_पी
ताई मला पण माझ्या डॉक्टरांनी आधी सगळं विचारलं होतं, थंडीचं, हर्नियाचं, सगळं, आणि फोटो काढून, टेपनं मोजून लिहून घेतलं होतं. पोटाला पण करा म्हटलं तर त्यांनीच नाही सांगितलं, म्हणाल्या तुमची कातडी सैल आहे, चरबी कमी झाली तर अजून लोंबेल. पैसे मिळत असताना नाही म्हणणारी डॉक्टर शोधा.

जुळेसोलापूरची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे भरले नव्हते, सेंटरला फोन करून सांगितलं की येत नाही, तर त्या म्हणाल्या सूट अजून वाढवून देते. थंडीच्या पित्ताचं सांगितलं तर म्हणतात त्याच्या आधी एक गोळी घ्या, काही होत नाही. फोन ठेवून दिला मी.

काल रात्री झोपून डोकं उचलून बघितलं, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत मधोमध उंचवटा येतो, दोन बोटं आरामात आत जातात. मी तीन वर्षं त्याला चरबी समजून उपाशी राहिले. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आज ह्यांना दाखवलं, तेच म्हणाले चल सोमवारी. आधी सर्जनकडं जाऊ की जिथं सिझेरियन झालं त्या मॅडमकडं?

त्वचारोग_एमडी
मॅडमकडं आधी गेलात तरी चालेल, दोन्ही ऑपरेशनचं त्यांना माहिती आहे. डिस्चार्ज कार्ड दोन्ही सोबत न्या. नुसते स्नायू लांब गेले असतील आणि हर्निया नसेल तर फिजिओथेरपीस्टची चिठ्ठी मागून घ्या, आतला पोटाचा स्नायू आवळायचे व्यायाम असतात, तीन-चार महिने नेमानं केले तर बऱ्याच जणींचा फरक पडतो. तोपर्यंत उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळून हातावर जोर देऊन उठा, आणि यूट्यूब बघून क्रंचेस करत असाल तर आजपासून बंद. पित्ताचं पण त्याच आठवड्यात दाखवा, आणि तोवर थंड पाण्यात पोहायला वगैरे जाऊ नका.

जुळेसोलापूरची_ताई
क्रंचेसच करत होते डॉक्टर, रोज. बंद केले. सोमवारी जाऊन आले की इथंच लिहिते.