नाशिकसाठी ठेवलेल्या निधीचे काय करावे?

प्रेषक: खजिनदार, कार्यकारी समिती
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात सभासदांनी नाशिकसाठी म्हणून दिलेली रक्कम अजून मंडळाच्या खात्यातच आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने काहीतरी करावे असे तेव्हा बोलणे झाले होते. कोणी अन्नछत्र सुचवले, कोणी महापालिकेच्या शाळांना संगणक द्यावेत असा आग्रह धरला, आणि नेहमीप्रमाणे विषय तिथेच राहिला. परवाच्या बैठकीत मात्र एक वेगळा विचार पुढे आला. अमेरिकेत ‘सिटीज फॉर फायनान्शियल एम्पॉवरमेंट फंड’ ही ना-नफा संस्था शहरांच्या प्रशासनांना अनुदान देते. रहिवाशांवरचे कर्ज कमी व्हावे, चार पैसे शिल्लक पडावेत, बँकेचे व्यवहार सुरळीत व्हावेत, एवढ्यासाठीच हे अनुदान असते. त्याच धर्तीवर आपणही नाशिक महानगरपालिकेच्या सहकार्याने खाती उघडून देण्याचे एखादे मोठे शिबिर घ्यावे का, असा प्रश्न समितीपुढे आहे.

पंचवटीतील काका इथे अमेरिकेत असताना दर वर्षी मोफत करविवरणपत्रे भरून देण्याच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसत असत, आणि आता ते कायमचे नाशिकला परतले आहेत. दोन्हीकडचा अनुभव असल्याने त्यांनी आपले मत सर्वांना कळवावे, अशी विनंती आहे.

खजिनदार

*

प्रेषक: पंचवटी, नाशिक येथून एक जुना सभासद
प्रति: सर्व सभासद

स.न.वि.वि.

समितीचा विचार मनापासून आवडला. शिबिराला मात्र माझा विरोध आहे, आणि तो का आहे हे थोडे सविस्तर लिहितो.

नाशिकमध्ये खात्यांचा तुटवडा नाही. 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली तेव्हापासून शिबिरे भरवून खाती उघडण्याचे काम देशभर इतके झाले, की 2023 मध्येच जनधन खात्यांची संख्या 50 कोटींच्या पुढे गेली. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या ज्या कुटुंबांशी माझी इथे गाठ पडते, त्यांच्यात एकेका बाईच्या पिशवीतून दोन-दोन, तीन-तीन पासबुके निघतात. पासबुक आहे, पण त्यात काय चालले आहे हे शेजारी बसून सांगणारे कोणी नाही, ही खरी अडचण आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एक मावशी मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये आपल्याला आठ महिने आलेच नाहीत, असे त्या ज्याला त्याला सांगत होत्या. मी त्यांना घेऊन त्यांच्या बँकेत गेलो. पासबुक छापून घेतले, तर खरोखरच एकही नोंद नव्हती. काउंटरवरच्या मुलीने ‘आमच्याकडे आले नाहीत’ एवढेच सांगितले, आणि तिचे म्हणणे खोटेही नव्हते. मग मावशींच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेतली कागदांची पिशवी पलंगावर ओतली, तेव्हा रेशनकार्डाच्या घडीत दुसऱ्याच एका बँकेचे कोरे करकरीत पासबुक सापडले. वस्तीत कधीतरी झालेल्या शिबिरात अंगठा घेऊन ते खाते उघडले होते आणि आधारही त्याच खात्याला जोडले गेले होते. आधारमार्फत येणारे सरकारी पैसे ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडले असेल तिथे जातात, हे मावशींना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्या खात्यात 12,000 रुपये निघाले. दरम्यान मुलाच्या आजारपणात त्यांनी शेकडा दहा रुपये महिना या दराने 5,000 रुपये उचलले होते आणि आठ महिन्यांत 4,000 रुपये नुसते व्याजात घातले होते. मुद्दल होते तसेच होते. ज्या प्रकारच्या शिबिराने हा घोळ घातला, तसलेच आणखी एक शिबिर आपल्या पैशाने भरवावे हे मला पटत नाही.

आता अमेरिकेतल्या कामाविषयी. तिथून काय उचलायचे आणि काय तिथेच ठेवायचे, हे आधी पाहिले पाहिजे. 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘बँक ऑन’ हा उपक्रम सुरू झाला तेव्हा तिथला प्रश्न खरोखरच खाते नसण्याचा होता. किमान शिल्लक, महिन्याचे शुल्क आणि ओव्हरड्राफ्टचा, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त पैसे काढले गेल्याचा, दंड यांना कंटाळून माणसे बँक सोडत आणि चेक वटवून देणाऱ्या दुकानात आपल्याच पगारातून कमिशन मोजत. करविवरणपत्राच्या टेबलावर बसताना अशी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून 2015 मध्ये फंडाने खाते कसे असावे याचे निकषच ठरवले: उघडताना 25 डॉलरपेक्षा जास्त मागू नयेत, ओव्हरड्राफ्टचा दंड असू नये, महिन्याचे शुल्क अगदी थोडे असावे. बँकांतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या ‘एफडीआयसी’ या तिथल्या सरकारी संस्थेच्या 2023 च्या पाहणीतही तिथली 4.2 टक्के कुटुंबे खात्याविना होती, त्यामुळे त्यांनी खात्यांवर भर देणे योग्यच आहे. आपल्याकडे जनधनच्या मूळ खात्याला किमान शिल्लक लागतच नाही, म्हणजे त्यांनी बँकांशी वाटाघाटी करून जे मिळवले त्यातले बरेचसे इथे नियमानेच मिळालेले आहे.

आपण उचलावे ते त्यांचे दुसरे काम. न्यू यॉर्क शहराने 2008 मध्ये आर्थिक समुपदेशनाचे केंद्र सुरू केले आणि 2013 पासून ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या देणगीदार संस्थेच्या मदतीने फंडाने तोच नमुना डेन्व्हर, लान्सिंग, नॅशव्हिल, फिलाडेल्फिया आणि सॅन अँटोनिओ या पाच शहरांत नेला. या केंद्रांत कोणाला रोख रक्कम मिळत नाही आणि व्याख्यानेही होत नाहीत. एक पगारी, प्रशिक्षित समुपदेशक समोर बसलेल्या एकाच माणसाचे कागद पाहतो आणि बँक व्यवहार, पत, कर्ज व बचत या चार गोष्टींविषयी त्याच्याशी बोलतो. तो माणूस पुन्हा येतो, पुन्हा बोलणे होते, आणि कर्ज किती उतरले, शिल्लक किती पडली याची नोंद होत राहते. सेवा मोफत असते आणि उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. शहराचे काम एवढेच, की नोकरीसाठी, घरभाड्याच्या मदतीसाठी किंवा अन्य कशासाठी जो माणूस सरकारी दारात आधीच आलेला आहे, त्याला या टेबलापर्यंत पोचवायचे.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. फंड आधी आखणीसाठी थोडे पैसे देतो, मग प्रत्यक्ष कामासाठी, आणि या दुसऱ्या टप्प्यावर शहराला आपल्या बाजूनेही पैसा उभा करावा लागतो. बाहेरचा पैसा संपल्यावर हे टेबल शहराच्याच अंदाजपत्रकातून चालावे, असा त्यामागचा हेतू असतो. देणगी संपली की फलक उतरवायचा, ही आपल्याकडची रीत तिथे पहिल्याच दिवशी टाळलेली असते.

नाशिकमध्ये असे टेबल कुठे मांडावे, हे शोधायला लांब जावे लागत नाही. पीएम स्वनिधी योजनेचे कर्ज घेणारा प्रत्येक पथविक्रेता महापालिकेच्या दारात येतोच, कारण ओळखपत्र नसेल तर शिफारसपत्र महापालिकाच देते. 2020 मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा पहिले कर्ज 10,000 रुपयांचे होते. 2025 मध्ये ते 15,000 झाले, आणि ते वेळेवर फेडले की 25,000 चे व पुढे 50,000 चे कर्ज मिळते. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सवलत असते आणि ती थेट खात्यात जमा होते. ज्या विक्रेत्यांशी मी बोललो, त्यांच्यातल्या अर्ध्याअधिकांना हप्ता कोणत्या तारखेला कापला जातो हेही सांगता आले नाही. आदल्या दिवशी खात्यात पैसे ठेवले नाहीत की हप्ता परत जातो, दंड बसतो, पुढचे कर्ज अडते आणि माणूस पुन्हा सावकाराकडे वळतो. विभागीय कार्यालयात ज्या खिडकीवर अर्ज घेतात तिच्याशेजारी आठवड्यातून तीन दिवस एक जाणती व्यक्ती बसली, तर यातले बरेच टळेल.

नाशिक रोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात आणि त्याच शहरात लोकांना आपल्याच खात्यातले पैसे सापडत नाहीत, हे मी एकदा गंमत म्हणून म्हणत असे. मावशींची ट्रंक पाहिल्यापासून म्हणत नाही.

आपला,
पंचवटीहून

*

प्रेषक: एक सभासद, युवा विभाग
प्रति: सर्व सभासद

काका, नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. मला दोन शंका आहेत, आणि त्या मी आदरपूर्वकच मांडत आहे. पहिली अशी, की मावशींना त्या वेळी 5,000 रुपये आपणच दिले असते तर सावकाराचा प्रश्नच आला नसता. मग मधल्या माणसाच्या पगारावर निधी का खर्च करावा? दुसरी शंका व्यवहाराची आहे. मंडळाने महापालिकेच्या नावे धनादेश काढला आणि काम झाले, इतके हे सोपे आहे का?

*

प्रेषक: पंचवटी, नाशिक येथून
प्रति: सर्व सभासद

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही शंका रास्त आहेत. पहिलीचे उत्तर असे, की मावशींचे 5,000 रुपये आपण एकदा देऊ शकलो असतो, पण त्यांचे स्वतःचे 12,000 रुपये तरीही त्या कोऱ्या पासबुकातच पडून राहिले असते, आणि पुढच्या आजारपणात त्या पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर गेल्या असत्या. अडलेल्याला रोख मदत करू नये असे माझे म्हणणे नाही. ती आपल्यापैकी अनेकजण वैयक्तिक पातळीवर करतातच. मंडळाचा पैसा मात्र एकदाच मिळणार आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर लांब आहे, आणि ते सर्वांनी नीट वाचावे. परदेशी अंशदानाच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे पैसा कोणाचा आहे यावर सगळे अवलंबून असते. आपल्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी अंशदान धरली जात नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची रक्कम मात्र धरली जाते, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, असले तरीही. मंडळ स्वतः अमेरिकेत नोंदलेली संस्था असल्याने मंडळाच्या खात्यातून निघालेला प्रत्येक रुपया परदेशीच ठरतो. म्हणजे गणेशोत्सवात सगळ्यांचे पैसे एका पेटीत घातले तेव्हाच ही सोपी वाट आपण आपल्या हाताने बंद केली. खजिनदारांना दोष देत नाही. पेटी फिरवणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हा नाशिकमधली अशी एखादी संस्था लागेल, जिची या कायद्याखाली नोंदणी आहे आणि जी वस्त्यांमध्ये बचतगटांचे काम खरोखर करते. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील त्या संस्थेच्या खात्यात येतात आणि तिथून पुढे तिच्या नेहमीच्या खात्यात जातात. घेतलेला पैसा ती संस्था दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही, म्हणून समुपदेशक तिच्याच नोकरीत असला पाहिजे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे. आपला जवळजवळ सगळा खर्च पगाराचा असल्याने, समुपदेशकाचे काम कागदोपत्री कसे दाखवायचे याविषयी त्या संस्थेच्या चार्टर्ड अकाउंटंटचे लेखी मत पैसे पाठवण्यापूर्वीच घ्यावे.

महापालिकेकडून आपण पैसा मागायचा नाही, द्यायचाही नाही. टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचे कपाट आणि विभागीय अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र, एवढेच मागायचे. त्या पत्रात आणखी एक वाक्य असावे: दोन वर्षांनंतर उपयोग दिसून आला तर हा खर्च अंदाजपत्रकात मांडण्याचा प्रस्ताव विभागाकडून जाईल. हे वाक्य लिहून मिळाले नाही तर अन्नछत्रच करावे, त्यात निदान लोकांच्या पोटात दोन घास तरी जातील. पत्राचा मसुदा मी तयार करतो आणि सोमवारी कार्यालयात समक्ष नेऊन देतो. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय परत येत नाही.

आपला,
पंचवटीहून

*

प्रेषक: खजिनदार, कार्यकारी समिती
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

काकांच्या पत्रानंतर शिबिराचा प्रस्ताव समिती मागे घेत आहे. मंडळाच्या खात्यातली रक्कम नोंदणीकृत संस्था मिळेपर्यंत आणि महापालिकेचे पत्र हाती येईपर्यंत तशीच राहील. या कामासाठी ज्यांना नव्याने काही द्यायचे आहे, त्यांनी ते मंडळाकडे पाठवू नये. आपला पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे एवढेच रविवारपर्यंत मला कळवावे, म्हणजे दोन स्वतंत्र याद्या करता येतील. मावशींच्या मुद्दलाचे पुढे काय झाले, हेही काकांनी सवडीने लिहावे.

खजिनदार

*

प्रेषक: पंचवटी, नाशिक येथून
प्रति: सर्व सभासद

12,000 मधले 5,000 देऊन मुद्दल फेडले. सावकाराने चालू महिन्याचे 500 रुपये तरीही मागितले, आणि मावशींनी ते दिले. उरलेल्या 6,500 पैकी किती खात्यात ठेवायचे, यावर त्यांच्या घरात सध्या वाद चालू आहे. या बुधवारी मला त्यासाठी बोलावले आहे.