आहेर नाकारला, तर वहीतल्या जुन्या आहेरांचे काय करावे?

तळ्याकाठची (सोलापूर):
धाकट्या मुलीचे लग्न वैशाखात आहे. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापावे, असा तिचा आग्रह आहे. सासूबाईंना ते मान्य नाही. आमच्याकडे आहेराच्या जुन्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. कोणी साडी केली, कोणी भांडे दिले, कोणी पाकिटात किती रुपये घातले, हे सारे त्यांत लिहिलेले असून कोणाकडे कार्य निघाले की वही उघडून आलेल्या आहेराहून थोडा वरचढ आहेर करायचा, ही घरची रीत. ज्यांच्या कार्यांत आपण आहेर केले, त्यांना तो फेडण्याची संधीच न देणे हा त्यांचा अपमान आहे, असे सासूबाई म्हणतात. मुलीच्या मते हा ताटाचा मोबदला घेण्याचा प्रकार आहे. इतर समाजांत याकडे कसे पाहतात?

हातमाग:
सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, असे फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये अनेक समाजांच्या चालीरीती तपासून मांडले. स्वीकारण्यास नकार देणे म्हणजे संबंधच नाकारणे होय. वरचढ आहेराची रीतही केवळ आपली नाही. पंजाबातील 'वर्तन भांजी' या भेटींच्या देवाणघेवाणीत आले तेवढेच नेमके परत केले, तर संबंध मिटवल्यासारखे मानतात, म्हणून थोडे येणे-देणे मुद्दाम शिल्लक ठेवतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासींचा 'पॉटलॅच' हा सोहळा तर याहून मोठा. नामकरण, विवाह किंवा वारसाहक्क जाहीर करताना यजमान पाहुण्यांना जेवू घालतो आणि घोंगड्या, भांडी, पैसे वाटतो. ते घेणारा पाहुणा त्या घटनेचा साक्षीदार ठरतो. ही उधळपट्टी आहे असे ठरवून सरकारने १८८५ पासून तिच्यावर बंदी घातली, १९२१ मधील एका पॉटलॅचनंतर लोकांना तुरुंगात टाकले आणि त्यांचे मुखवटे जप्त केले. बंदी १९५१ मध्ये उठली. देणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते आणि दिलेली संपत्ती दुसऱ्याच्या पॉटलॅचमधून फिरत राहते, हे त्या कायद्याने लक्षात घेतले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कडक भाकरी:
वरील माहिती योग्य असली, तरी वरचढपणाचा भार कोणावर पडतो, हेही पाहायला हवे. विडी वळून घर चालवणाऱ्या नातेवाइकाला पाचशे रुपयांच्या आहेरावर सहाशे करणे जड जाते, आणि पापुआ न्यू गिनीतील 'मोका' या देवाणघेवाणीप्रमाणे मिळालेल्याहून जास्त डुकरे परत करण्याच्या चढाओढीत मोठ्यांचेच नाव होते. शिवाय जेवण आणि आहेर एका हिशेबात धरू नयेत. बाराव्या शतकातील शरणांनी (लिंगायत संतांनी), ज्यांत आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वरही आले, कायकासोबत (कष्टाच्या कामासोबत) दासोह (कमाईतून इतरांना जेवू घालणे) शिकवला. त्या पंगतीत कोण जेवले याची वही नसते. अक्कलकोटच्या अन्नछत्रातही नसते.

जपानमध्ये अंत्यसंस्काराला आलेली 'कोदेन' नावाची रक्कम नोंदवून ठेवतात आणि पुढे साधारण निम्म्या किमतीची भेट परत पाठवतात. अलीकडे काही कुटुंबे ती रक्कम नम्रपणे नाकारतात, म्हणजे तुमच्या मुलीचा विचार अगदीच वेगळा नाही. माझे मत असे की पत्रिकेवर सरसकट छापू नये. अक्षता द्यायला जाल तेव्हा ज्यांचे नाव वहीत नाही त्यांना आहेर नको असे तोंडी सांगावे. ज्यांचे आहे, त्यांचा आहेर आनंदाने घ्यावा, मग तो तुमच्या आहेराहून कमी का असेना.

तळ्याकाठची:
हे सासूबाईंना वाचून दाखवले. तोंडी सांगण्याला त्या तयार आहेत, मात्र कमी आलेला आहेर वहीत कसा लिहावा, असे त्यांनी विचारले आहे.

हातमाग:
रक्कम न लिहिता फक्त नाव लिहावे.