कॉलेजात प्रवेश घेतानाच मधुमेहाचा धोका तपासावा का?

धरमपेठकर: सरकारी कार्यक्रमात मधुमेहाची तपासणी तिशीनंतर सुरू होते. माझ्या मते नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांनी ती प्रवेशाच्या वेळीच करावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा उंबरठा कोणी एका वर्षात गाठत नाही. गडचिरोली-गोंदियाहून आलेलं पोरगं तीन वर्षं मेसचा भात खातं, दिवसभर खुर्चीत बसतं, रात्री दोनपर्यंत जागतं. त्याची कंबर कोणी मोजतं का? मुलाची ९० सेंटिमीटरच्या वर, मुलीची ८० च्या वर असेल, किंवा आईवडिलांना शुगर असेल, तर उपाशीपोटी रक्त तपासा. सरसकट सगळ्यांना सुई टोचा असं मी म्हणत नाही.

बुटीबोरीचे काका: विरोध. माझी मुलगी सेकंड इयरला आहे. 'शुगरचा धोका' अशी नोंद ऑफिसच्या रजिस्टरात पडली आणि बाहेर गेली, तर सोयरीक जमवताना लोक काय काय विचारतील! आणि धोका निघाल्यावर पुढे कोण बघणार? बहुतेक कॉलेजांत डॉक्टरच नाही. नुसती भीती घेऊन पोरगी घरी येईल.

लॅबवाली ताई: एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. शिबिरं घेणारे बोटातून रक्त घेऊन थेट एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी करतात. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. उलट लोह कमी असलेल्या मुलींचा खोटा वाढू शकतो, आणि रक्त कमी असलेल्या मुली हॉस्टेलात किती असतात ते आम्ही रोज बघतो. त्यामुळे इथे उपाशीपोटीची साखरच बरी: १०० ते १२५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) म्हणजे उंबरठा, १२६ किंवा त्यावर गेली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायची.

सांख्यिकीवाला: कंबर, आईवडील, व्यायाम यांना गुण देणारा तक्ता आधीच आहे, चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा. पण त्यात पस्तिशीच्या आत वयाचे गुण शून्य. कंबर ९५, वडिलांना मधुमेह आणि हालचाल अजिबात नाही, अशा मुलाचे होतात १०, १० आणि ३०, एकूण ५०. जास्त धोका ६० पासून. म्हणजे ज्याला गाठायचं तोच सुटतो!

धरमपेठकर: म्हणूनच बेरीज नको, एक खूण पुरे. काका, तुमची भीती खरी आहे. निकालाचा कागद फक्त विद्यार्थ्याच्या हातात द्यावा, कॉलेजनं फक्त एकूण संख्या ठेवावी. पुढच्या तपासणीला मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं आहेतच.

बुटीबोरीचे काका: मेडिकलच्या ओपीडीत सकाळ जाते भाऊ. लेक्चर बुडवून कोण जाईल?

हॉस्टेलकर: जिला हे सगळं लागू होतं ती मीच. वडिलांना चाळिशीत शुगर निघाली. मला तपासणी हवी आहे. पण सकाळी तर्री-पोहे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. मुलींना सातनंतर मैदान बंद, आणि मेमध्ये त्याआधी उकाडा कमी होतच नाही. भारतातल्याच २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांचा धोका आहार-व्यायामाने २८ टक्क्यांच्या आसपास घटला. ती माणसं पंचेचाळिशीची होती, त्यांची स्वयंपाकघरं त्यांच्या घरातच होती. आमचं मेसच्या ठेकेदाराकडे आहे. टेंडरमध्ये रोज डाळ, उसळ आणि ज्वारीची भाकर लिहा, मैदानावर दिवे लावून ते नऊपर्यंत उघडं ठेवा, आणि त्याच आठवड्यात माझी कंबर मोजा.

बुटीबोरीचे काका: बेटा, मैदानाच्या अर्जावर मी पालक म्हणून सही करतो. रजिस्टरला माझा विरोध कायम.