मदत हवी आहे: पित्तक्षाराच्या प्रयोगात फरकच दिसत नाही

मंडळी, नववी-दहावीच्या मुलांना पित्ताचं काम दाखवायचं आहे. परीक्षानळीत ५ मिली फुल क्रीम दूध, ७ मिली सोडियम कार्बोनेट (०.०५ मोलर), फिनॉल्फ्थॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) ५ थेंब. मग १ मिली लायपेज (मेद पचवणारं एन्झाइम), ५ टक्के. मेदाम्लं सुटली की गुलाबी रंग जातो, तो वेळ मोजायचा. एका नळीत पित्तक्षार, दुसरीत तेवढंच पाणी. तापमान ३७ अंश.

पित्तात एन्झाइम नसतं. ते मेदाचे थेंब फोडून लायपेजला पृष्ठभाग वाढवून देतं. म्हणजे पित्ताची नळी आधी पांढरी व्हायला हवी. होत नाही, दोन्ही जवळपास बरोबरच.

संशय दोन. पिशवीचं दूध होमोजनाइज्ड, म्हणजे थेंब आधीच बारीक. दुसरं, शुद्ध स्वादुपिंडी लायपेजला पित्तक्षार पृष्ठभागावरून हुसकावतात; तिथे कोलायपेज (लायपेजला मेदाच्या थेंबावर धरून ठेवणारं साहाय्यक प्रथिन) लागतं. मग पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडाचा अर्क, त्यात दोन्ही असतात) घ्यावं का? कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लरोधक लेप असतो, ते खलून घेणं पुरेसं आहे का? दुधाऐवजी शेंगदाणा तेल किती घ्यावं?

(भांड्याचा साबण सुचवू नका, तो लायपेजच बिघडवतो.)

मॅकॉन्की माध्यमासाठी (जीवाणू वाढवण्याचं माध्यम) मिळणारे पित्तक्षार कुणी वापरलेत का? किती टक्के?